दात दुधात, वरात दारात

समस्त दंतधारी, अल्पदंत व कवळीधारक नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हा मजकूर वाचताना तोंडात चकली, कडक बुंदीचा लाडू किंवा गेल्या वर्षीचा अनारसा असल्यास तो आधी सावकाश गिळावा अथवा सन्मानपूर्वक बाहेर काढून ठेवावा. पुढे हसू येण्याचा संभव आहे. हसता हसता चावणे आणि चावता चावता हसणे या दोन कृतींवर आमचा अर्धा व्यवसाय उभा आहे, हे मान्य. पण दिवाळीचे चार दिवस मलाही घरी बसून फराळ करायचा असतो. तरी सहकार्य करावे. हुकुमावरून.

हुकूम माझाच आहे. मी नागपुरात दातांची डॉक्टर आहे. माझा दवाखाना मानेवाड्याच्या बाजूला, आणि दवाखान्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एक लॉन आहे. बाहेरगावच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमच्याकडे लॉन म्हणजे हिरवळ नव्हे. लॉन म्हणजे लग्नाचं मैदान. हिरवळ असलीच तर ती प्लास्टिकची असते आणि लग्न संपलं की गुंडाळून ठेवतात. या लॉनने मला जितके रुग्ण दिले तितके माझ्या पाटीने दिले नाहीत.

माझे दीर हृदयाचे डॉक्टर आहेत. घरात पंगत बसलेली असताना त्यांचा फोन वाजला की सगळे ताटं सरकवून त्यांना वाट करून देतात. माझा फोन वाजला की सासूबाई म्हणतात, "दात कुठे पळून चालला का? जेवून घे आधी." मी जेवून घेते. कारण जो रुग्ण फोनवर "मेलो, मेलो" करतो, त्याचं बहुधा फारसं काही झालेलं नसतं, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. त्याची दाढ महिनाभर दुखत असते. महिनाभर तो तिच्यात लवंग भरतो, कापूर भरतो, तंबाखूचा खर्रा भरतो. मग एका रविवारी सावजी मटणाचा रस्सा त्या खड्ड्यात उतरतो, आणि आणीबाणी जाहीर होते.

एक गृहस्थ तर निघालेली कॅप घरीच बसवून मोकळे झाले होते. चपलेचं सोल्युशन लावून. बसली की नाही हे पाहायला त्यांनी दात घट्ट मिटले, आणि मिटलेले दात पुन्हा उघडले नाहीत. आमच्या वैशालीताईंनी, म्हणजे माझ्या सहायक, दवाखान्याच्या खऱ्या मालकीण, त्यांना नाव विचारलं. ते म्हणाले, "म्म्म." गाव? "म्म्म." बरोबर आलेली बायको शांतपणे म्हणाली, "मॅडम, आजचा दिवस असेच राहू द्या ना."

आणि व्हिडिओ कॉलवाल्यांचं तर विचारूच नका. "मॅडम, दिसून राहिली का दाढ?" असं विचारत एका बाईंनी मला आधी आपला कान दाखवला, मग छताचा पंखा, मग गॅसवरची कढी. कढी उतू चालली होती. मी आधी गॅस बंद करायला सांगितलं; त्या दिवसाची ती एकमेव खरी आणीबाणी होती.

आमच्या धंद्यातली खरी आणीबाणी गाजावाजा न करता येते. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकायला लागली, ताप आला, गिळवेना, तर धावत सुटावं. रक्त थांबतच नसेल तर धावत सुटावं. आणि मार लागून पक्का दात मुळासकट बाहेर पडला, तर सगळ्यांत जोरात धावावं. पण नेमके हेच लोक निवांत येतात. कारण दुखत नाही ना फारसं! दात खिशात असतो, माणूस म्हणतो, "जेवण करून येतो."

हे जरा समजावून सांगते. दात भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा नसतो. तो कुंडीतल्या रोपासारखा असतो. त्याच्या मुळाभोवती जिवंत तंतूंची पातळ साल असते. तासाभरात, खरं तर अर्ध्या तासात, तो पुन्हा आपल्या खड्ड्यात बसवला तर ती साल हिरडीतल्या हाडाला पुन्हा धरते. साल वाळली किंवा खरवडली गेली की संपलं. म्हणून पडलेला दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा तर मुळीच नाही, आणि थंड दुधात टाकून आणायचा. गायीचं की म्हशीचं, हे विचारत बसू नये.

मी हे पोटतिडकीने सांगते, त्याला कारण आहे. कॉलेजात जाणारी एक मुलगी स्कूटीवरून पडली. तिची आई तिचा दात घेऊन अगदी वेळेत पोहोचली. माउलीने तो ब्रशने, पेस्ट लावून, मुळापर्यंत घासून आणला होता. मोत्यासारखा चमकत होता. आई म्हणाली, "स्वच्छ करून आणला, मॅडम." मी तो बसवला. तो टिकला नाही. त्या आईला मी खरं कारण कधीच सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून कुणी दात धुतो म्हणालं की मी आधी ओरडून त्याला थांबवते.

तर ऐन उन्हाळा होता आणि लग्नसराई होती. समोरच्या लॉनवर खापा गावाहून वरात आली होती. नवरदेव मिहानमध्ये विमानाच्या कसल्याशा कामाला. नवरदेव घोडीवर, ऊन डोक्यावर आणि नवरदेवाचे मामा रस्त्यावर आडवे. मामा नागीण झाले होते.

नागीण नाच ज्याने पाहिला नाही असा मराठी माणूस नसेल, तरी यातली कामं सांगते. एक नागीण असते. ती दातात रुमाल धरून डांबरावर लोळते. एक गारुडी असतो; तो बँडमधला ट्रम्पेटवाला. तो नागिणीवर वाकून पुंगीसारखं ट्रम्पेट वाजवतो. या बँडचा ट्रम्पेटवाला गुणवंत नावाचा होता. त्या लॉनवर मी त्याला खिडकीतून अनेक लग्नांत ऐकलं होतं. बाकीचा बँड नुसता आवाज करायचा, गुणवंत वाजवायचा. त्या दिवशी तो वाकला, आणि नागिणीला त्याच क्षणी फणा काढायची हुक्की आली. मोरेश्वरमामा, त्यांचा फेटा आणि फेट्यातला तुरा असे सगळे मिळून खालून जे उठले ते थेट ट्रम्पेटच्या भोंग्यावर. भोंगा वर गेला आणि तोंडाकडची बाजू तोंडात गेली.

दवाखान्यातला फोन वाजला. मामांनी माझा नंबर समोरच्या पाटीवर वाचला होता.

"हॅलो, दाताच्या मॅडम का? मॅडम, दात पडला!"

"कोणाचा?"

"बँडचा!"

"तुटला की अख्खा पडला?"

"अख्खा. मुळासकट. मुळ्यावानी दिसून राह्यला."

"दात दुधात ठेवा!" मी ओरडले.

"नाही नाही मॅडम, दुधाचा नाही. पक्का हाय. माणूस लेकराबाळाचा हाय."

"दुधाचा नाही म्हणत मी. दात… दुधात… ठेवा!"

"तुम्ही समजूनच नाही राहिल्या, मॅडम. त्याचे दुधाचे दात पडून जमाना झाला. त्याच्या पोराचेबी पडले."

मी फोन ठेवला नाही, टाकला. वैशालीताईंना म्हटलं, सलाईनची बाटली आणि स्वच्छ डबी घेऊन या, आणि रस्ता ओलांडून पळाले. बँड थांबला होता. फक्त ढोलवाला वाजवत होता, कारण त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

गुणवंत दुभाजकावर बसला होता. ओठ फाटलेला, शर्टावर रक्त. वरचा समोरचा एक दात गायब. पण तो स्वतःचं तोंड चाचपत नव्हता. ट्रम्पेटचं तोंड चाचपत होता, की त्याला पोचा तर नाही आला. मला पाहून उठायला लागला.

"बसा," मी म्हटलं. "चक्कर येते का?"

"नाही मॅडम. मले वाजवता येईन ना?"

ट्रम्पेट नुसत्या फुंकेवर वाजत नाही. ओठ घट्ट दाबून धरावे लागतात, आणि त्या ओठांना मागून आधार समोरच्या दातांचा असतो. तो आधार गेला की ओठ आत जातो आणि हवा भलतीकडून निघते. हे मी त्याला समजावणार, तोच त्याने फाटका ओठ ट्रम्पेटला लावून फुंकलं. म्हैस शिंकल्यासारखा आवाज आला. वराती फिदीफिदी हसले. गुणवंत हसला नाही. त्याने बाहीने ट्रम्पेट पुसलं आणि मांडीवर आडवं ठेवलं.

"हंगाम सुरू झालाय मॅडम," तो म्हणाला. "आणि मले दुसरं काही येत नाही."

"येईल वाजवता," मी म्हटलं. "दात कुठे आहे?"

 मग एकेक मान वळत वळत कौसाआत्यांकडे गेली. कौसाआत्या म्हणजे नवरदेवाच्या आत्या. नवं कोरं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान.

"टाकला ना वं बाई," आत्या म्हणाल्या. "वरतं." आणि त्यांनी लॉनच्या फाटकाशेजारच्या टिनाच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"काहून?" मी म्हटलं. घाबरले की माझी प्रमाण मराठी मला सोडून जाते.

"काहून म्हंजे? पडला दात कोनी खाली ठेवते का? घोडीच्या पायाखाली आला असता. टिनावर नाही टाकला तं नवा कसा येईन?"

"आत्या, त्यांना आता नवा दात येत नसतो!"

"नाही आला तं नाही आला," आत्या म्हणाल्या. "पन आपल्याकडून कसर नको."

मी वाद सोडला आणि शिडी मागवली.

टिनाच्या खोलीत लॉनचा चौकीदार आणि त्याची बायको सिंधूबाई राहायचे. मे महिन्यातलं टिनाचं छप्पर तुम्हाला माहीत आहे. त्यावर पापड ठेवला तर भाजून निघतो. आणि त्या टिनावर सिंधूबाईंनी नेमक्या त्याच सकाळी जुन्या साडीवर मूगवड्या घातल्या होत्या. मूगवडी पाहिली आहे ना? पिवळट, बोटाच्या पेरापेक्षा लहान, एका बाजूला टोकदार. म्हणजे गुणवंतचा दात लपवायला याहून चांगली जागा साऱ्या विदर्भात शोधून सापडली नसती.

मांडववाल्याची शिडी आली. अपराध आपला असल्याने मोरेश्वरमामाच चढले. मागोमाग तीन वराती चढले. टिन कण्हायला लागला.

"बूट काढा!" खालून सिंधूबाई गरजल्या. "वड्या हाय त्या, रस्ता नाही! मायी सालभराची बेगमी हाय."

"बाई, माणसाचा दात हाय इथं!"

"दाताले काय करता? खायाले काही उरलं तं दात लागन ना!"

बूट खाली आले. मग वरून एकेक वस्तू यायला लागली. "मॅडम, हा का?" लसणाची पाकळी. "हा का?" थर्माकोलचा तुकडा. "हा पाहा बरं." शर्टाचं पांढरं बटण. तेवढ्यात लॉनचा आचारी उंच स्टीलचा ग्लास घेऊन धावत आला. "मॅडम, दूध! मामानं सांगतलं." मी ग्लासात डोकावले. वाफाळतं, केशर घातलेलं, वर पिस्त्याचे काप.

"साधं नव्हतं का हो?"

"साध्याचा च्या झाला."

ग्लास कुठे ठेवावा कळेना, म्हणून मी तो ढोलवाल्याला दिला. तो एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने प्यायला.

"सापडला!" मामांची आरोळी आली. सगळ्या वरातीने टाळ्या पिटल्या. मामांनी पांढऱ्या रुमालात गुंडाळून तो दात वरून खाली दिला. मी रुमाल उघडला. इवलासा, तांदळाच्या चुरीएवढा, मूळ नसलेला दात. सिंधूबाईंनी मान पुढे काढून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं माय! हा तं मायी पोरगी पहिलीत होती तवाचा!"

"मामा," मी म्हटलं, "हा दुधाचा आहे!"

मामा टिनाच्या कडेला आले, कमरेवर हात ठेवले आणि साऱ्या खाप्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंग! तवापासून दुधाचा, दुधाचा कोन करून राह्यलं होतं?"

लोक हसत होते. मलाही हसू येत होतं. पण मी टिनाकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहत होते. तो दात तिथे कुठे तरी वाळत होता, आणि खाली दुभाजकावर बसलेला माणूस हसत नव्हता. मला ब्रशने घासलेला तो मोत्यासारखा दात आठवला. हाही हातचा जाणार होता, आणि या वेळी तर सगळं गाव हजर असताना.

आणि मग माझ्यातली नाटकवाली जागी झाली. कॉलेजात असताना मी दातांपेक्षा रंगमंचाचाच जास्त अभ्यास केला होता. मी टाळी वाजवली.

"आत्या, तुम्ही दात टाकला तेव्हा कुठे उभ्या होता?"

"इथंच. नाही वं, घोडीच्या अल्याड."

"घोडी कुठे होती?"

"तिथं, खांबापाशी."

"घोडी खांबापाशी घ्या!" मी फर्मावलं. नवरदेव मुंडावळ्या सावरत घोडीसकट मागे सरकला. "मामा, तुम्ही डोकं खाली करा. ढोलवाले, तेव्हा तुम्ही वाजवत होता का?"

"म्या थांबलोच नोतो, मॅडम."

"मग चालू ठेवा. आत्या, हा घ्या दात." आणि मी त्यांच्या हातावर लसणाची पाकळी ठेवली. "जसा टाकला, अगदी तसाच टाका."

आत्यांनी पाकळी निरखली. "याले दाताचा मंतर कसा म्हनू? हा लसून हाय."

"समजा दात आहे."

"समजून म्हनलं तं लागू होते का?"

"होते आत्या, होते. मी डॉक्टर आहे."

आत्यांनी पदर खोचला. टिनाकडे पाठ केली, कारण टाकलेल्या दाताकडे वळून पाहायचं नसतं. डोळे मिटले. "जुना दात तुले, नवा दात मले," असं म्हणून पाकळी डाव्या खांद्यावरून मागे फेकली. सगळ्या वरातीच्या माना तिच्याबरोबर वर गेल्या. पाकळी टिनाच्या कडेवर आपटली, टण्णकन उडाली, मामांच्या फेट्यावरून गेली आणि साडीच्या अगदी दूरच्या टोकाला पडली. तिथे सगळ्यांत शेवटी, नुकत्याच घातलेल्या वड्या होत्या. अजून ओल्या. शोधणारे तिकडे फिरकलेच नव्हते, कारण तिथे पाय ठेवला तर सिंधूबाई शिडी काढून घेणार होत्या.

मामा गुडघ्यांवर रांगत तिकडे गेले. 

"मॅडम," मामा तिथूनच ओरडले, "वडीले दात फुटला!"

मूळ खाली, माथा वर, असा तो दात ओल्या वडीत रोवल्यासारखा उभा होता.

"हात लावू नका! वडीसकट आणा!"

मामांनी सिंधूबाईंकडे पाहिलं. सिंधूबाईंनी एक वडी मंजूर केली.

पुस्तकात दूध आहे, सलाईन आहे, रुग्णाची स्वतःची लाळ आहे. मूगडाळीच्या ओल्या पिठाचा उल्लेख मला तरी कुठे सापडला नाही. पण त्या पिठाने मूळ वाळू दिलं नव्हतं. पिठात हिरवी मिरची होती आणि हिंग होता, हे मला वासावरून कळलं. वैशालीताईंनी डबी पुढे केली. मी दात माथ्याला धरून उचलला, सलाईनच्या धारेखाली धरला, पीठ हळूहळू सुटलं. खाली मूळ ओलं होतं, सालीसकट.

पुढचं काम दवाखान्यात झालं. ते फार शांत काम आहे. भूल द्यायची, खड्डा धुवायचा, आणि दात पुन्हा त्याच्या जागी हळूहळू दाबायचा. जागा ओळखीची असली की तो स्वतःच बसतो. बोटाला बारीकशी 'टक' जाणवते. ती 'टक' हे या धंद्यातलं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत मोठं सुख. मग शेजारच्या दातांना बारीक तार लावून त्याला बांधायचं. पडलेल्या म्हाताऱ्याला दोन्हीकडून दोघांनी धरावं तसं. ओठाला टाके घातले, औषधं दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

मी हे करत असताना बाहेरच्यांना माझ्या एसीचा शोध लागला होता. सगळी वरात माझ्या दवाखान्यात शिरली. कौसाआत्या तपासणीच्या स्टुलावर बसून पान लावत होत्या. काचेच्या दारातून घोडी आत पाहत होती आणि तिच्या वर नवरदेव. मुलीकडचे लोक पुन्हा पुन्हा निरोप पाठवत होते की मुहूर्त टळून राहिला, नवरदेव कुठे आहे. आमच्याकडून उत्तर जात होतं की नवरदेव दाताच्या दवाखान्यात आहे. त्यांनी त्याचा काय अर्थ काढला असेल, देव जाणे.

तार बसताच गुणवंत उठला आणि ट्रम्पेटकडे हात केला.

"खबरदार," मी म्हटलं. "फुंकलात तर दात माझ्या कपाळावर येईल. काही आठवडे याला हात नाही."

"मंग वरात कशी जाईन?"

सगळे मामांकडे पाहायला लागले. मामांनी फेटा नीट केला, घसा खाकरला, दोन्ही मुठी तोंडापुढे धरल्या आणि तोंडाने ट्रम्पेट वाजवायला सुरुवात केली. "पॅंऽऽ पॅंपॅंपॅंऽऽ." ढोलवाल्याने लगेच ठेका धरला. अशा रीतीने वरात माझ्या दारातून निघून मांडवात गेली. मामांचा आवाज पुढे दोन दिवस बसला होता, हे कौसाआत्यांनी नंतर मोठ्या समाधानाने सांगितलं.

पण खरी गोष्ट यानंतरची आहे. कारण दात बसवणं सोपं. तो टिकणं आपल्या हातात नसतं. तार निघाली, नस मेली होती म्हणून रूट कॅनल केलं, आणि गुणवंत दर वेळी खुर्चीत बसताच एकच प्रश्न विचारायचा: वाजवता येईन ना? मी एकच उत्तर द्यायचे: बहुतेक. हा दात वर्षानुवर्षं राहील, किंवा हाड त्याला आतून खाऊन टाकेल. खोटं बोलून त्याला धीर द्यावा, असं फार वाटायचं. दिला नाही.

दरम्यान समोर लग्नं होतच होती. त्याच्या जागी दुसरा कुणी ट्रम्पेट फुंकत होता, आणि गुणवंत त्याच गणवेशात, त्याच टोपीत, मागच्या रांगेत खुळखुळा वाजवत होता. इतक्या अपमानित चेहऱ्याने वाजवलेला खुळखुळा मी दुसरा पाहिला नाही. तो मुद्दाम माझ्या खिडकीकडे न बघता पुढे जायचा. आणि मी मुद्दाम खिडकीत उभी राहायचे.

मग एका दुपारी मी त्याला बोलावलं. म्हटलं, येताना ट्रम्पेट आणा.

तो आला. कापडी पिशवीत ट्रम्पेट. बाहेर बाकड्यावर गांधीबागेतले एक कापडाचे व्यापारी बसले होते. सुजलेल्या गालावर रुमाल, डोळे गच्च मिटलेले. दाढ काढायला ते याआधी तीनदा येऊन तीनदा पळून गेले होते. आज बायकोने रिक्षात घालून पाठवलं होतं. मी आत गुणवंतचा दात दोन बोटांत धरून हलवून पाहिला. हलला नाही. हातोडीच्या मागच्या टोकाने हलकेच ठोकला. आवाज ठीक होता.

"वाजवा," मी म्हटलं. "हळू."

त्याने ट्रम्पेट ओठाला लावलं. नुसती हवा गेली. तो थांबला. वैशालीताईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. गुणवंतने जिभेने दात चाचपला, ओठ पुन्हा बसवला, आणि डोळे मिटून फुंकलं.

मी हळू म्हटलं होतं. तो हळू वाजवायचं विसरला होता. वरात फाटकात शिरताना वाजवतात ती सलामी, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, एकही सूर न गळता, एवढ्याशा खोलीत. औषधांच्या बाटल्या किणकिणल्या. रस्त्यावरचे लोक दाराशी जमले. पलीकडून चौकीदार आणि सिंधूबाई फाटकात आले. गुणवंतने ट्रम्पेट खाली घेतलं, दात पुन्हा चाचपला, तो होता. आणि त्याने पुन्हा सुरू केलं. मी हातातल्या हातोडीने टेबलावर ठेका धरला. 

तेवढ्यात बाकड्यावरचे व्यापारी ताडकन उठून उभे राहिले. त्यांनी दारातल्या गर्दीकडे पाहिलं, ट्रम्पेटकडे पाहिलं, माझ्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं, आणि गालावरचा रुमाल काढून मोठ्याने म्हणाले,

"मॅडम, म्या दात काढाले आलो होतो, तुम्ही तं मायी वरातच काढली!"